साहेबांना जोडून देते

आर्किटेक्टने घरातच ऑफिस थाटलं आणि दोन हॅन्डसेटचा कॉर्डलेस फोन घेतला. तारेची कटकट नाही. स्वयंपाकघरातला बायकोने उचलायचा, "थांबा हं, साहेबांना जोडून देते" म्हणायचं; तेवढ्यावर ऑफिस बडं वाटायचं.

एकदा साइटवर जायचं तो स्वतःच विसरला. क्लायंट फोनवर तापला, तसा हा म्हणाला, "सेक्रेटरीने निरोपच दिला नाही हो. मठ्ठ आहे बाई. काढूनच टाकतो तिला."

फोन ठेवला, तरी टेबलावरच्या फोनचा लाल दिवा विझेना. म्हणजे स्वयंपाकघरातला हॅन्डसेट अजून चालूच होता. मान खाली घालून तो आत गेला.

एरवी त्याला अरे-तुरे करणारी बायको फोनवरच्याच गोड आवाजात म्हणाली,



"साहेब, चहा करून जाऊ, की आत्ताच निघू?"