उत्तर नसलेला मुद्दा

बाईंनी टेबलावरची घंटी दाबली तसे नगरसेवक उठले आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. स्वयंपाकघरात दोघांखेरीज कुणी नव्हतं. बाई म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं शाळेत वादविवादाचे संघ तयार केलेली, त्यामुळे घरातही शिस्त तीच. पाच मिनिटं एका खुर्चीतून एक बाजू, पाच मिनिटं दुसरीतून दुसरी.

अकरा वाजता सभागृहात मतदान होतं. बसचालकांच्या संपावर बंदी घालायची की नाही? नऊ जण इकडे, नऊ तिकडे आणि मध्ये हे. तीनदा निवडून आले, पण कुठल्याच भांडणात त्यांनी बाजू घेतली नव्हती. विषय समितीकडे द्यावा, एवढं म्हणून खाली बसायचे. सहकारी त्यांना समितीसाहेब म्हणत आणि तेही ते हसण्यावारी नेत. पण आज सकाळी त्यांनी बायकोपाशी मन मोकळं केलं होतं. आपण समतोल वगैरे काही नाही, आपल्याला मुळात मतच नाही, ही भीती त्यांना कित्येक वर्षं पोखरत होती.

पहिल्या खुर्चीतून त्यांनी बंदीची बाजू लढवली. संपात रुग्ण अडकतात, रोजंदारीवाल्यांचा दिवस बुडतो. दुसऱ्या खुर्चीतून चालकांची. चौदा तासांची पाळी, स्टिअरिंगवर येणारी डुलकी, कपाटात धूळ खात पडलेले तक्रारअर्ज. दोन्हीकडून झकास बोलले. बाईंनी गुण मोजले, तर बरोबरी. नगरसेवकांनी कपाळाला हात लावला.

बाई मात्र खूश दिसल्या. बरोबरी झाली की त्यांच्या संघात एक नियम असे. समोरच्याच्या कुठल्या मुद्द्याला आपल्याकडे उत्तर नाही, ते प्रामाणिकपणे सांगायचं.

चालकांच्या खुर्चीतून नगरसेवकांनी रुग्णांचा मुद्दा घेतला. दवाखान्याकडे जाणाऱ्या बस चालू ठेवायची अट घालता येईल की. रोजंदारीवाल्यांसाठी आठ दिवस आधी सूचना द्यायला लावू. मग ते बंदीच्या खुर्चीत गेले. कपाटातल्या तक्रारअर्जांपाशी येऊन अडले.

"चालकांनी बस थांबवायचीच नाही म्हटलं, तर त्यांचं ऐकणार कोण?" ते सावकाश म्हणाले. "याला माझ्याकडे उत्तर नाही."

मग तेच तुमचं मत, असं म्हणून बाई भाजी चिरायला लागल्या.

सभागृहात त्यांचं नाव पुकारलं तेव्हा कारकुनाने सवयीने 'समिती' लिहायलाही घेतलं होतं. नगरसेवकांनी बंदीला विरोध केला, दोन्ही अटी मांडल्या. बंदी एका मताने पडली.

बंदीवाल्यांचे पुढारी म्हणजे त्यांचे पंधरा वर्षांचे चहाचे सोबती. ते जिन्यात गाठ पडताच थांबले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती म्हणाले आणि तरातरा उतरून गेले. नगरसेवक कठड्याला टेकून उभे राहिले. छातीवरचा दगड उतरला होता. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, एक जण माझ्यावर जाम चिडलाय."

पलीकडून बाई म्हणाल्या, "अभिनंदन."