पहिल्या रविवारची पेटी

पेटीचा भाता हलला आणि सलोमीने आनंदाच्या भरात गीत थेट काळी पाचच्या उंच पट्टीत धरलं. घरी तिच्या एकटीच्या गळ्याला तीच पट्टी गोड लागायची. चर्चच्या उपासनेत ती आज पहिल्यांदाच वाजवत होती. जमलं, तर दर रविवारी पेटीवर तीच बसणार होती.

दुसऱ्या ओळीला पुरुषांचे आवाज तुटले. अंतऱ्याला बायकाही थांबल्या. पुढच्या बाकावरून आई कुजबुजली, "अगं, खाली घे, खाली!"

पण सलोमीचे डोळे मिटलेले. चर्चमध्ये आता तिच्या एकटीचाच आवाज उरला होता, आणि तो उंच खिडकीतल्या निळ्या उजेडात सावरीच्या कापसासारखा तरंगत वर चालला होता. कुणीतरी अगदी जवळ बसून ऐकतंय, असं तिला वाटलं. तिने चारही कडवी गायली.

डोळे उघडले, तर सगळी मंडळी तिच्याकडेच बघत होती. गेली पेटी हातची!

पाळकसाहेबांनी छताकडे बोट केलं. "तिकडं पोचलं गं पोरी! आता पुढच्या रविवारपासून जरा खाली धर. आम्हालाही यायचंय सोबत."