सगळीकडे ‘नेहमी’

“हिनं तर डोळे मिटून उत्तरं दिलीत,” ज्योत्स्नाचे गाइड शेखर सर म्हणाले. “काढून टाका.”

ज्योत्स्नाने फॉर्म हातात घेतला. नंबर सत्त्याऐंशी. प्रश्न चोवीस आणि चोविसांनाही एकच उत्तर: नेहमी. ‘मला घरात मान मिळतो.’ नेहमी. ‘मला घरच्या माणसांची भीती वाटते.’ तेही नेहमीच. आठ ते तेरा हे असे सहा उलटे प्रश्न, भीतीचे नि धाकाचे, सरांनी मुद्दाम मधोमध पेरले होते. ऐकलं न ऐकलंसं करून उत्तरं ठोकणारी माणसं तिथे बरोब्बर सापडायची.

तीन वर्षं चाललेल्या ज्योत्स्नाच्या पीएच.डी.चं घोडं अल्फापाशी अडलं होतं. प्रश्नावलीवर भरवसा ठेवावा की नाही, हे सांगणारा हा आकडा. एकाच अर्थाच्या प्रश्नांना माणसं एकसारखी उत्तरं देतात का, एवढंच तो बघतो. तो निदान ०.७ तरी हवा होता आणि हिचा ०.६४ वर हटून बसलेला. दिवाळीच्या आत प्रबंध गेला नाही, तर नोंदणीच रद्द होणार होती.

फॉर्मवर नाव नसलं तरी तिला ती मुलगी आठवत होती. मखमलाबादच्या पुढे झेंडूच्या मळ्यातलं घर. हर्षाली. तेविशीची सून, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. मुलाखत एकटीची घ्यायची, असा नियम होता. पण सासू चिमणाबाई शेजारीच मांडी ठोकून बसलेली. तिच्याच घरात तिला बाहेर जा म्हणणार कसं? हाताचं विचारलं, तर उत्तरही सासूनेच दिलं होतं, “तव्यावर पडला. लय धांदरट हाय आमची पोर.” त्या घरचा आलं घातलेला चहासुद्धा ज्योत्स्नाला आठवला.

“ती जरा घाईतच होती, सर,” ती म्हणाली. “मलाच म्हणाली, ‘लवकर विचारा, ताई.’ माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत होती.”

“मग झालं तर!”

ज्योत्स्नाने कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘निष्काळजी उत्तरे’. मनात जराशी कुरकुर झाली, पण आकड्यापुढे तिचं काय चालणार? असे एकोणीस फॉर्म गेले. अल्फा टुणकन ०.८१ वर. गंगेत घोडं न्हालं. सरांनी, कधी नव्हे ते, पेढे मागवले.

महिन्याभराने तीच प्रश्नावली त्याच बायकांना पुन्हा विचारायची होती, उत्तरं टिकतात का ते पाहायला. दसरा तोंडावर आलेला, मळे पिवळेधमक झालेले. हर्षालीचं घर आता यादीत नव्हतं, पण वाटेवरच होतं. ओट्यावर चिमणाबाई माळा ओवत बसली होती.

“या की, ताई. अशा दारावरून नका जाऊ.”

ज्योत्स्ना आत गेली आणि थबकली. भिंतीवर हर्षालीचा लग्नातला फोटो होता. फोटोला घरच्याच झेंडूची माळ.

“इहिरीवर पाय घसरला,” चिमणाबाई म्हणाली. “पंधरा दिस झाले. धांदरटच व्हती पोर.” तिने पदर डोळ्यांना लावला.

पंधरा दिवस. म्हणजे फॉर्म काढून टाकला तेव्हा ही जिवंत होती. असं का मनात यावं, हे तिचं तिलाच कळेना. फॉर्मचा आणि विहिरीचा काय संबंध?

“बसा, चहा टाकते,” चिमणाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. “आता करणारं तरी कोन हाय?”

ती आत गेली. भांड्याचा आवाज आला.

ज्योत्स्ना फोटोकडे बघत राहिली. त्या दिवशीही चिमणाबाईच उठली होती. सुनेचा हात बांधलेला, म्हणून चहा सासूला करावा लागला होता. सात प्रश्न तेवढे झाले होते. सासूची पाठ वळली, हर्षालीने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, “लवकर विचारा, ताई.” तेरावा प्रश्न झाला आणि चिमणाबाई कप घेऊन बाहेर आली.

चहाला उकळी फुटायच्या आत हर्षालीने सहाही प्रश्नांची खरी उत्तरं देऊन टाकली होती.