भिमाजीची साक्ष

“पाण्याचं राहिलं,” ढोलकीवर हात ठेवून जानकू हळूच म्हणाला.

भिमाजीने मान डोलावली आणि पुन्हा लोकांकडे वळला. अवसरी बुद्रुकला ख्रिस्ती पाळकांच्या अंगणात, कडुनिंबाखाली साठ-सत्तर माणसं बसली होती.

“आन् घरात शिरल्यावर काय करायचं? तांब्याभर पाणी सारवलेल्या जमिनीवर शिंपडायचं. जिथं चटकन जिरलं, तिथली माती कधीतरी खणलेली. तिथंच डागिन्यांचं गाडगं. घरातल्या कुणाला इचारायची गरजच न्हाई.”

पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. “आयला! म्हंजे आमी पुरायचं, आन् तुमी पाणी पाजून उगवायचं!”

हशा पिकला. भिमाजीही हसला. गेल्या तीन वर्षांत जुन्नर-आंबेगावच्या चाळीसेक गावांत त्याने आपल्या चोरीच्या दिवसांची ही साक्ष दिली होती. मागच्या भिंतीला पहारीने भोक पाडायचं. डोकं घालायच्या आधी काठीवर मडकं अडकवून आत सरकवायचं. कुणी टपून बसला असेल, तर पहिला घाव मडक्यावर. मग प्रभू भेटला आणि पहार सुटली. शेवटी तो दोन्ही रिकामे हात वर करून दाखवी, तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावत. पाळक म्हणत, “माझ्या उपदेशानं येत नाहीत तेवढी माणसं भिमाजीच्या साक्षीनं येतात.”

जानकू मात्र कधी साक्ष देत नसे. दोघांचा बाप्तिस्मा एकाच सकाळी, एकाच ओढ्यात झाला होता. ढोलक्या मढवणारा, वाटेतली मुंगी चुकवून पाऊल टाकणारा माणूस. “मला बोलाया येत न्हाई,” एवढंच म्हणे आणि ढोलकी गळ्यात अडकवी. भिमाजीच्या साक्षीतला एखादा तपशील गळाला, तर तो आठवण करून द्यायचा.

शेवटचं भजन झालं. माणसं पांगली. चहाची भांडी आत गेली. तेवढ्यात साठीची एक बाई भिमाजीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या मागे भलंमोठं मुंडासं बांधलेला एक गडी.

“मी साळुबाई, पिंपरी पेंढारची. ह्यो माझा ल्योक, गेणभाऊ. नऊ सालामागं आमचं घर फुटलं. पुतळ्यांची माळ, नथ, समदं गेलं. ते तूच न्हेलंस का रं बाबा?”

भिमाजी एक पाऊल मागे सरला.

“भिऊ नगंस. डाग नकोत मला,” साळुबाई म्हणाली. “गाडगं कुठं पुरलंय, ते माझ्याबिगर माझ्या सुनेला, बायडालाच ठावं व्हतं. तिनंच भावाला सांगितलं, असं धरून ह्यानं तिला ओझरला माहेरी धाडली. तिचं वरसाचं लेकरू गेलं, त्याच साली. लई रडली रं. आज तू पाण्याचं बोललास. त्या सकाळी आमची जमीन वली व्हती. म्हंजे चोराला सांगणारं कुणी नव्हतंच! तू एकदा व्हय म्हण. मी इथनं नीट ओझरला जाते आन् बायडाला घेऊन येते.”

भिमाजीने गेणभाऊकडे पाहिलं. गडी खाली बघत होता.

“ह्यानं दुसरी केली न्हाई,” साळुबाई आपणहून म्हणाली. “आन् हिला आणतबी न्हाई.”

एका ‘होय’ने एक बाई नऊ वर्षांनी आपल्या घरी जाणार होती. आणि ते ‘होय’ भिमाजी चाळीस गावांत म्हणतच आला होता.

“व्हय, मावशी,” तो म्हणाला. “मीच.”

साळुबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गेणभाऊने मान वर केली.

“असं कुणीबी म्हणंल, राव,” तो म्हणाला. “डागांसंगं गाडग्यात आणखी एक वस्तू व्हती. ती काय, आन् चोरानं तिचं काय केलं, येवढं सांग. आमी घराबाहेर कुणापाशी बोललो न्हाई. तिच्यापायीच मी म्हणलो, चोर आतला हाय. परक्याला येवढी माया कुठनं?”

“चांदीचे रुपये?” भिमाजी म्हणाला.

गेणभाऊने मान हलवली.

“देवाचा टाक?”

“न्हाई.”

भिमाजी ओट्यावर बसला. त्याने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“मावशी, मी ओतूरला शिंप्याच्या हाताखाली काजं-बटणं करत व्हतो. जन्मात कुणाचं बटणबी उचललं न्हाई. प्रभू भेटल्यावर पयल्यांदा तेच सांगायचो, तर लोक बैलांचं निमित्त काढून उठायचे. मग चोरीची गोष्ट आली. जानकूनं जुळवून दिली, मी बोलत गेलो. आज तुमच्या सुनेसाठी व्हय म्हणलो. पर ते खोटं हाय. माझी समदी साक्षच खोटी हाय.”

दारात उभ्या पाळकांनी मान खाली घातली. भिमाजीला मात्र नवल वाटलं. तीन वर्षांत इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“झालं तर,” गेणभाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं सुख नव्हतं. त्याने आईचा दंड धरला. “चल, आई.”

मागे जानकूने गळ्यातली ढोलकी काढून खाली ठेवली.

“लाल फडक्यात लेकराचं जावळ व्हतं,” तो म्हणाला. “ते न्ह्यायला हात झाला न्हाई, मावशी. चुलीमागच्या कोनाड्यात ठिवलं मी.”