आडवी बाटली

“मावशी, तोंडावरचा पदर काढा पाहू,” प्रियदर्शनी म्हणाली.

भागीरथानं पदर आणखीच ओढला. शेवटी शाहीननं तो बाजूला केला आणि विहारात जमलेल्या बायांच्या तोंडून एकदम “माय व!” निघालं. डावा डोळा सुजून बंद झाला होता. गांधी जयंतीची प्रभातफेरी काढून बायांनी आदल्याच दिवशी सारं गाव दणाणून सोडलं होतं, दारूचं दुकान हटवा म्हणून. आणि आज भागीरथा हे असं तोंड घेऊन हजर.

“नवऱ्यानं मारलं? बुधाजीकाकानं?”

भागीरथानं होकारार्थी मान हलवली.

“झालं तर! आणखी काय पुरावा पाह्यजे?” प्रियदर्शनी उसळून म्हणाली.

गाव तिवस्याजवळचं. प्रियदर्शनी अमरावतीला राजापेठेतल्या एका ट्युशन क्लासमध्ये गणित शिकवायची. संध्याकाळच्या बसनं परतायची आणि पर्स खुंटीला अडकवून लगेच घरोघर फिरायला निघायची. सोबत शाहीन, गावात शिलाईकाम करणारी. एकीच्या जिभेला धार, दुसरीच्या पायाला भिंगरी. जोडी जमली झकास.

दुकान हटवायच्या मतदानाचा नियम मोठा कठीण होता. गावातल्या मतदार बायांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला तरच दुकान बंद. उभ्या बाटलीवर मारला तर चालू. आणि जी घरीच बसली, तिचंही मत दुकानाच्याच पदरात पडल्यासारखं. म्हणजे बाई घराबाहेर काढणं हेच खरं काम.

त्या कामी भागीरथामावशीच्या डोळ्याइतका दुसरा इलाज नव्हता. प्रियदर्शनी तिला दारोदार घेऊन जायची.

“सांगा मावशी, काय झालं ते.”

“मी काय सांगू बाप्पा? तूच सांग.”

मग प्रियदर्शनी सांगायची, आणि असं सांगायची की चुलीपुढची बाईसुद्धा पदरानं डोळे पुसत बाहेर यायची. भागीरथा बाजूला बसून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहायची. आपण मावशीला मिरवत तर नाही, असं एकदा प्रियदर्शनीच्या मनात आलं. पण जिंकलो तर भलं कोणाचं? मावशीचंच. तिनं तो विचार झटकून टाकला.

गोदाबाईच्या घरी मात्र सांगायची वेळच आली नाही. गोदाबाईच बोलत सुटली. “माही दोन पोरं नेली या दारूनं. आता नातूबी त्याच दुकानाच्या पायरीवर बसून राह्यते. मी कोणाच्या तोंडाकडं पाहू व?” भागीरथानं तिचा हात धरला, तो निघायची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

परतताना बुधाजी रस्त्यात भेटला. पाय अधू, त्यामुळे गावाबाहेर त्याचं जाणं नव्हतंच. घर ते दुकान, दुकान ते घर. आजही चांगलाच झोकून आला होता.

“जय भीम, बेटा,” तो हात जोडून प्रियदर्शनीला म्हणाला. “थकली असशीन. जाय, घरी जाय.”

भागीरथानं त्याला खांद्याचा आधार देऊन घरात नेलं. तो अंथरुणावर आडवा झाला, तिनं अंगावर गोधडी टाकली.

“एवढा गरीब मानूस हात कसा उचलत असन?” शाहीनला नवल वाटलं.

“तो नाई उचलत, दारू उचलते,” प्रियदर्शनी म्हणाली.

मध्येच जिल्हा परिषदेची निवडणूक आली. प्रचाराच्या भोंग्यांनी कान किटले, मग मतदानाचे तीन-चार दिवस दुकानाला कुलूप लागलं, पोलिसांची गाडी फिरायला लागली. त्या दिवसांत भागीरथा फिरायला आली नाही. अंगात ताप आहे, असा निरोप आला. नंतर आली तेव्हा तिला डोक्यावर पदरसुद्धा धड घेता येत नव्हता.

“अशक्तपणा हाय,” ती म्हणाली. प्रियदर्शनीनं तिला घरून दूध आणून पाजलं.

बाटलीच्या मतदानाचा दिवस उजाडला. शाळेत साहेब लोक येऊन बसले, दुकान बंद ठेवलेलं. सकाळची तोकडी रांग पाहून प्रियदर्शनीनं शाहीनला हाक मारली. निम्म्या बाया वावरात! शाहीन स्कूटी घेऊन वावरावावरात गेली आणि जी सापडेल तिला मागे बसवून घेऊन आली. सगळ्यात शेवटी भागीरथा शाळेत शिरली. पडद्याआड बराच वेळ होती.

मोजणी संपली तेव्हा साहेबांनी आकडा दोनदा तपासला. लागत होती तितकीच मतं, वर एकही जास्त नाही. कोण्या एका बाईचा शिक्का इकडचा तिकडे झाला असता तर सगळं मुसळ केरात!

काय तो गलका! गुलाल उधळला, शाहीनची ओढणी जांभळीगुलाबी झाली, गोदाबाई आपल्या नातवाला कवटाळून रडली. बायांनी भागीरथाला मधे ओढून हार घातला. साहेब जाता जाता सांगून गेले की आता हे दुकान उघडणार नाही. दिवेलागणीला प्रियदर्शनी तिला सोडायला निघाली.

“खरं सांगा मावशी, आडवीवरच मारला ना?” तिनं थट्टेनं विचारलं.

“आडवीवरच व. गोदीच्या नातवाकडं पाहून मारला.”

घर दिसायला लागलं तशी भागीरथा थांबली. दारात बुधाजी ताठ बसून वाटेकडे पाहत होता.

“पोरी, आज तुयाच घरी झोपू का मी?”

“आज? काहून व मावशी?” प्रियदर्शनी हसली. “आज तर तुमच्या घरी दिवाळी. आता काकाले थेंब भेटत नाई. आता कायचं भेव?”

भागीरथानं गळ्यातला हार काढून तिच्या हातात दिला.

“पेला म्हंजे तो लेकरावानी झोपते, पोरी,” ती म्हणाली. “मारते तो कोरडा असला म्हंजे.”