दोन नळ्या

सिस्टरने कुपी यंत्रात सरकवली आणि सोजरबाईंच्या बोटातल्या रक्ताचा थेंब त्यावर टेकवला, तोच लाल दिवा लागला.

"थांबा मावशी. ही लस तुमच्या शरीरासाठी नाही." सिस्टरने दुसरी कुपी तपासली. "दोन्ही लसी सूनबाईंच्याच निघाल्या. हे कसं झालं?"

शेजारच्या गावात तापाने चार माणसं गेली होती. संगणक लाळेवरून ज्याची त्याची लस ठरवायचा. दुसऱ्याची टोचली तर माणूस दगावायचा.

सून स्वप्नाली खाली मान घालून म्हणाली, "लाळ घ्यायला आले तेव्हा आत्यांनी मशेरी लावलेली. तोंड धुऊन पुन्हा रांगेत उभं राहायला नको, म्हणून दोन्ही नळ्यांत मीच थुंकले."

"नवी लस यायला नऊ दिवस लागतील," सिस्टर म्हणाली. "ताप उद्या-परवा इथे पोचेल."

स्वप्नालीला रडू फुटलं. सोजरबाईंनी तिची बाही वर सरकवली. "हिला टोचा आधी."

सुई टोचेपर्यंत त्यांनी सुनेचा हात धरून ठेवला. मग त्या नळावर गेल्या, मशेरीची डबी गटारात रिकामी केली, खळखळून तीन चुळा भरल्या आणि सिस्टरसमोर येऊन आ केला.