बाटलीतला समुद्र

"तहान लागायची वाट बघायची नाही. आधीच प्यायचं, थोडं थोडं. तहान लागली म्हणजे उशीर झाला समज."

सायकलला बाटली अडकवताना तिला सायकलिंगच्या सरांचं बोलणं आठवलं. आजचा पल्ला लांबचा होता, रेसच्या आधीचा शेवटचा. "हा चुकवलास तर रेसला उभी राहू नकोस," असंही सरांनी बजावलं होतं. तसा तिचा नेम कडक. अंगात कणकण असतानाही तिने तो मोडला नव्हता.

बाकीचे सगळे पुलाजवळ जमत असतील. तिला मात्र या घटकेला पुलापेक्षा पलंग जवळचा वाटत होता. कवळ्यांच्या कारखान्यात सकाळभर साचे घासून बोटांच्या पेरांत प्लास्टर बसलं होतं. साबणाने हात धुतले तरी ते निघालं नव्हतं. मांड्या कालच्या चढापासून ठणकत होत्या.

"इतके दात आवळू नकोस," शर्टाला इस्त्री करता करता नवरा म्हणाला. "नाहीतर कवळी करणारीलाच कवळी लागायची."

"चेष्टा पुरे. ठमीचं जेवण झाकून ठेवलंय. आली की आधी..."

"हात धुवायला लावायचे. ठाऊक आहे गं, बाई."

बोळकांडीतून तिची सायकल काढायची म्हणजे आधी ठमीची छोटी लाल सायकल बाजूला करावी लागे. तिने ती पायानेच सरकवली. मागची आधाराची दोन चाकं कुरकुरली. 'या रविवारी ती काढून टाकू, मग मी शिकवते तुला,' असं तिने लेकीला कबूल केलं होतं. त्यानंतरचे सगळे रविवार पुलावरूनच निघून गेले. ठमीने आताशा विचारणंही सोडलं होतं.

तेवढ्यात ठमी शाळेतून आली. दप्तर टाकून उंबऱ्यातच बूट काढायला बसली.

"आई, माझ्या बाटलीत आज समुद्र होता."

तिला आधी काही कळेना. मग सायकलची बाटली काढून ती घोटभर पाणी प्यायली. साधं. ना साखर, ना मीठ. सकाळी झोपेच्या गुंगीत दोन्ही बाटल्या तिने ओट्यावर शेजारी शेजारी भरल्या होत्या, आणि मीठ-साखरेची तिची बाटली ठमीच्या दप्तरात गेली होती.

"अगं, मग ओतून टाकायचंस ना! बाईंना सांगून दुसरं भरून घ्यायचं."

"संपवलं मी."

"खारट? सगळं?"

"थोडं थोडं. तहान लागायच्या आधी." ठमी नाडीची गाठ सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला वाटलं, आजपासून माझीपण तयारी सुरू झाली."

इस्त्री शर्टावर थांबली. जळका वास आला तशी नवऱ्याने ती घाईने उचलली.

तिचा फोन वाजला. सर होते.

"आज मी येत नाही, सर." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. "हो सर. तुम्ही सांगितलं होतंत. लक्षात आहे माझ्या."

फोन कपाटावर ठेवून तिने आपली सायकल पुन्हा भिंतीला टेकवली. हत्यारांच्या डब्यातून पाना शोधला. सायकलिंगच्या सदऱ्याच्या पाठीमागच्या खिशात वाटेसाठी खजूर घेतले होते. ते काढून लेकीच्या हातावर ठेवले आणि खिशात पाना टाकला. मग स्वतःचं हेल्मेट ठमीच्या डोक्यावर घातलं. ते थेट नाकापर्यंत घसरलं.

"मला काही दिसत नाहीये!" ठमी आतून म्हणाली. पण काढायला तयार नव्हती.

"अगं, पण तुझी रेस..." नवऱ्याने विचारलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून अर्ध्यातच थांबला. "बरं, जा. जेवण मी गरम करून ठेवतो."

तिने लाल सायकल खांद्यावर घेतली. जिना उतरताना गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. पाठीमागून हेल्मेट सावरत, कठड्याला धरून ठमी येत होती, आणि लेकीच्या डोळ्यांसमोर आधाराची ती दोन चाकं अधांतरीच गरगर फिरत होती.